एन्ड्युरन्स गाड्यांचं रंगरूप: एका चाहत्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी जिंकली की झालं. तिच्या रंगाचं एवढं काय?

एन्ड्युरन्स म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यती, आणि त्यांतली सगळ्यात मोठी फ्रान्समधली चोवीस तासांची ले मान्स. तिथला एक फेरा १३.६२६ किलोमीटरचा आहे. कुंपणापाशी उभं राहिलं तर एकेक गाडी साडेतीन-चार मिनिटांनी एकदा समोर येते आणि दोन सेकंदांत दिसेनाशी होते. अशा ६० हून जास्त गाड्या, वेगवेगळ्या वर्गांतल्या, एकमेकींत मिसळलेल्या. त्या दोन सेकंदांत नंबर वाचून होत नाही, रंग मात्र वाचून होतो. समालोचकाचं काम रंगावर चालतं, ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शलचं चालतं, आणि आरशात मागून येणारी गाडी कोणाची हे ताडणाऱ्या ड्रायव्हरचंही चालतं.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. रविवारी सकाळी, रात्रभर पळून रबराचा आणि तेलाचा काळा थर चढलेला असताना, नाकावर टेपच्या पट्ट्या चिकटवलेल्या असताना, ती गाडी लांबून ओळखू येते का? शुक्रवारी चकचकीत फोटोत सगळ्याच छान दिसतात. तिथे गुण द्यायचे नाहीत.

मग तुमच्या मते सगळ्यात चांगली रंगसंगती कोणती?

रॉथमन्स या सिगारेट कंपनीच्या रंगांतली पोर्शे ९५६. गडद निळा, पांढरा, आणि दोन्हींच्या सीमेवर लाल-सोनेरी रेघा. १९८२ साली ले मान्सला या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. त्यांचे नंबरही १, २, ३ आणि क्रमही तोच. जाहिरात कंपनीने मागूनही असा फोटो मिळाला नसता.

पण मी ती निकालासाठी निवडलेली नाही. ९५६ ही पोर्शेची पहिली ग्राउंड इफेक्ट गाडी. गाडीच्या पोटाखालून हवा खेचून ती जमिनीला चिकटवायची, हे तिचं तत्त्व. त्यामुळे वरचं अंग मोठं, सपाट आणि शांत राहिलं. रंगवणाऱ्याने त्या शांततेचा मान राखला. रेघ नाकापासून निघते ती शेपटीपर्यंत गाडीच्या वळणानेच जाते, कुठे अडखळत नाही. रंग काढून टाकला तरी रेघ कुठून जायला हवी होती ते सांगता येईल. बहुतेक रंगसंगती इथेच नापास होतात. कागदावर काढलेलं चित्र आणून गाडीवर डकवलेलं असतं, खाली बॉनेट आहे की मडगार्ड याची त्या चित्राला फिकीर नसते.

गल्फचा आकाशी-नारिंगी पहिला नाही? सगळे तर तोच म्हणतात.

सगळे म्हणतात म्हणूनच जरा थांबावंसं वाटतं. रंग सुंदर आहेत, यात वाद नाही. गंमत म्हणजे गल्फ तेल कंपनीचा स्वतःचा निळा गडद होता. तो फिका आकाशी आला विल्शायर ऑइल या कंपनीकडून, जी गल्फने विकत घेतली होती. जॉन वायर यांच्या संघाने १९६७ मध्ये मिराज गाडीला तो दिला आणि पुढे फोर्ड जीटी४० ला. १०७५ क्रमांकाच्या चॅसीची, म्हणजे सांगाड्याची, जीटी४० लागोपाठ दोनदा, १९६८ आणि १९६९ मध्ये, ले मान्स जिंकली. तीच गाडी, तेच रंग. दुसऱ्या वेळी जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांचं अंतर होतं साधारण १२० मीटर, चोवीस तास पळून.

जीटी४० वर तो रंग शोभतो याचं कारण मधला नारिंगी पट्टा. बुटकी, रुंद गाडी आणि तिच्या पाठीच्या मधोमध पट्टा, कडेला गडद बारीक रेघ. समोरून आली की पट्टा बाणासारखा दिसतो. आता हेच रंग जेव्हा रस्त्यावरच्या चारचाकीला, घड्याळाच्या तबकडीला, टोपीला आणि मोबाइलच्या कव्हरला लावले जातात, तेव्हा उरतात फक्त दोन रंग. गेल्या काही वर्षांत इतक्या गाड्यांना गल्फचे रंग चढवले गेले की दुरून बघणाऱ्याला 'ही कोण?' हा प्रश्न पुन्हा पडायला लागला. माझ्या कसोटीवर हे फेल आहे.

आणि एक गोष्ट, जी ऐकून बरेच जण भांडायला उठतात: गल्फच्या पोर्शे ९१७ ने ले मान्स कधीच जिंकलं नाही. १९७० ला जिंकली ती झाल्सबुर्ग संघाची लाल-पांढरी ९१७, १९७१ ला जिंकली ती मार्टिनीची पांढरी. गल्फला पुढचा विजय मिळाला तो १९७५ मध्ये, मिराज जीआर८ मधून. त्या गाडीचं पोस्टर क्वचितच कोणाच्या भिंतीवर दिसतं.

ती डुकराची गाडी खरंच पळाली होती की नुसती गंमत?

पळाली होती. पोर्शे ९१७/२०, नंबर २३, ले मान्स १९७१. ड्रायव्हर राइनहोल्ड योस्ट आणि विली काउझेन.

आधी तिचा आकार समजून घ्या, मग रंग कळेल. त्या काळी ९१७ दोन रूपांत मिळे. आखूड शेपटीची ९१७के वळणांत स्थिर, लांब शेपटीची ९१७एलएच सरळ रस्त्यावर वेगवान. दोन्हींचे गुण एकत्र करायचे म्हणून एक अफाट रुंद, गोलमटोल अंगाची गाडी केली. चाकं आत बुडालेली, पोट बाहेर आलेलं. रेखणाऱ्याने कितीही सोज्वळ पट्टे मारले असते तरी ती देखणी झाली नसती.

पोर्शेच्या डिझाइन विभागाचे प्रमुख अनातोल लापिन यांनी ते झाकायचा प्रयत्नच केला नाही. अख्खी गाडी गुलाबी रंगवली आणि खाटकाच्या तक्त्यावर असतात तशा तुटक रेषांनी मांसाचे तुकडे आखून प्रत्येकावर जर्मनमध्ये नाव लिहिलं. गाडीचा ढोबळेपणा हाच विषय केला. मला हे धाडस विलक्षण वाटतं. कारखान्याने स्वतःच्या अभियंत्यांच्या कामाची अशी उघड थट्टा करायची, तीही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत! ती अर्नाज वळणाजवळ आदळून बाहेर पडली. शेवट न गाठलेल्या गाड्यांत इतकी लाडकी दुसरी नसेल.

त्याआधीच्या वर्षीही लापिन यांच्याच विभागाने एक लांब शेपटीची ९१७ जांभळ्या आणि हिरव्या वेलबुट्टीने भरली होती. तिला लोक 'हिप्पी' म्हणतात. ती दुसरी आली. ती मला डुकरापेक्षा थोडी कमी आवडते, कारण ते नक्षीकाम कोणत्याही गाडीवर चाललं असतं. डुक्कर फक्त त्याच गाडीवर चालणार होतं.

देशांचे रंग कधी गेले?

प्रायोजकांना दार उघडलं तेव्हा, म्हणजे १९६०च्या दशकाच्या शेवटी. तोवर ब्रिटनचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा नाहीतर चंदेरी, अमेरिकेचा पांढऱ्यावर निळे पट्टे, असा रिवाज होता. त्या शिस्तीतही खोड्या होत्या. १९५६ आणि १९५७ ला जॅग्वार डी-टाइप जिंकल्या त्या एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाच्या, आणि त्यांनी इंग्लिश हिरवा न लावता स्कॉटलंडचा निळा लावला.

तो रिवाज आजही पूर्ण मेलेला नाही. २००३ साली बेंटली स्पीड ८ जिंकली ती गडद हिरव्यातच. आणि फेरारीला लाल लावू नका असं सांगून बघा.

माझदा ७८७बी ला एवढं डोक्यावर का घेतात?

आवाजासाठी, आणि ते रास्तच आहे. पिस्टनऐवजी फिरणाऱ्या चार रोटरचं ते इंजिन किंचाळत जातं. पण रंगाच्या बाजूने बोलायचं तर १९९१ ची ५५ नंबरची माझदा म्हणजे माझ्या कसोटीला जवळपास पूर्ण गुण. नारिंगी आणि हिरवा, तेही फिके नव्हे, एकमेकांवर ओरडणारे, आणि मध्ये पांढऱ्या रेघांच्या चौकटी. रेनाउन या जपानी कपडे कंपनीचे ते रंग. असे रंग शेजारी ठेवू नयेत असं चित्रकलेच्या वर्गात शिकवतील. शर्यतीत मात्र डोंगराएवढ्या अंतरावरूनही ती गाडी दिसते. त्याच संघाच्या इतर दोन गाड्या पांढऱ्या-निळ्या होत्या. त्या कोणाच्या लक्षात आहेत?

जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो यांनी ३६२ फेरे मारले. शेवटचा टप्पा चालवून हर्बर्ट इतका गळून गेला की पोडियमवर पोहोचलाच नाही. ले मान्स जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. दुसरी कंपनी यायला, म्हणजे टोयोटाला, २०१८ उजाडलं.

तुमच्या आवडत्या गाड्यांवर सिगारेटच्या जाहिराती आहेत. चालतं का?

प्रश्न बरोबर आहे. रॉथमन्स सिगारेटचं नाव, सिल्क कटही. १९८८ ला जिंकलेली सिल्क कटची जांभळी-पांढरी जॅग्वार एक्सजेआर-९ ही मला भुरळ घालते: लांबट, मागची चाकं पत्र्याने झाकलेली, सात लिटरचं व्ही१२ इंजिन. पण तो जांभळा माणसाला पाकीट विकत घ्यायला लावण्यासाठीच निवडला होता आणि तो त्या कामात हुशार होता. चांगली रंगसंगती आणि चांगली जाहिरात यांचं काम एकच: विसरू न देणं. फ्रान्सने १९९१ च्या एव्हां कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद केल्या ते योग्यच झालं. त्या रंगांची सर नंतरच्या फार थोड्यांना आली, हेही खरं. दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणतो.

बीएमडब्ल्यूच्या 'आर्ट कार' या खऱ्या कला की प्रसिद्धी?

दोन्ही, आणि दर्जा गाडीगणिक बदलतो. कल्पना फ्रेंच लिलावदार आणि ड्रायव्हर एर्वे पुलां यांची. १९७५ ला अलेक्झांडर काल्डर यांनी ३.० सीएसएल रंगवली, १९७६ ला फ्रँक स्टेला, १९७७ ला रॉय लिक्टेनस्टाइन, १९७९ ला अँडी वॉरहॉल.

स्टेलाची मला सगळ्यात उजवी वाटते. पांढऱ्या अंगावर आलेख कागदासारखी काळी चौकटी जाळी आणि काही वळणदार तुटक रेषा. बघितलं की वाटतं, अभियंत्याचा आराखडाच पळत सुटला. गाडीचा फुगीरपणा, चाकांवरचे उभार, सगळं त्या जाळीमुळे आणखी उठून दिसतं. वॉरहॉलने मात्र नमुन्यावर काढून दुसऱ्यांकडून रंगवून घेण्याऐवजी थेट गाडीवर ब्रश चालवला आणि २८ मिनिटांत काम संपवलं. वेगात गाडीच्या रेषा पुसट होतात, ते त्याला रंगातच आणायचं होतं. ती एम१ एकूण सहावी आली, हे विशेष.

२०१० च्या जेफ कून्स यांच्या एम३ वरच्या रंगीत रेघा मला थोड्या पोरकट वाटतात, पण गाडी थांबलेली असतानाही पळतेय असं दिसतं खरं. २०२४ मध्ये जूली मेहरेतू यांनी हायपरकारवर, म्हणजे आजच्या अव्वल वर्गातल्या गाडीवर, काम केलं तेव्हा सगळ्यात मोठा अडथळा होता तो आजच्या गाडीच्या अंगाचा. इतक्या खाचा, भोकं आणि पाती आहेत की चित्राला सलग जागाच मिळत नाही.

जुन्या गाड्या आपोआप सुंदर होत्या. आता ते जमत नाही का?

'आपोआप' हा शब्द तेवढा खोडा. त्यांतल्या पुष्कळ आकारांमागे एखादी अडचण आहे.

पोर्शे ९१७ चंच घ्या. १९६९ मध्ये ती भयंकर होती, वेगात मागून तरंगायची, ड्रायव्हर तिच्यात बसायला नाखूश असत. त्याच वर्षी शरद ऋतूत ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगला चाचणी झाली. वायर यांच्या संघाचे अभियंता जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आलं की गाडीच्या पुढच्या भागावर चिलटं चिरडून चिकटली आहेत, मागच्या स्पॉयलरवर मात्र एकही नाही. म्हणजे हवा तिथे पोहोचतच नव्हती, वरून निसटून जात होती. मग तिथेच अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापून, ठोकून, टेपने चिकटवून शेपटी वर उचलली. ड्रायव्हर फेरे मारत राहिले, परत येईनात. ज्या उचललेल्या, तुटक शेपटीवर आज सगळे फिदा आहेत, तो ९१७के चा आकार मेलेल्या चिलटांनी दाखवून दिला.

फोर्ड मार्क ४ च्या छपरावरचा फुगवटा पाहिला आहे? डॅन गर्नी उंच होता, हेल्मेट छताला लागायचं, म्हणून त्याच्या बाजूला छप्पर फुगवलं. १९६७ ला ती लाल गाडी जिंकली. तो टेंगूळ नसता तर गाडी जास्त नीटस झाली असती आणि तिच्याविषयी बोलायला कमी उरलं असतं. जॅग्वार डी-टाइपच्या ड्रायव्हरच्या डोक्यामागचं उंच पातंही असंच: मॅल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले, ले मान्सच्या मुल्सान या लांब सरळ रस्त्यावर गाडी डगमगू नये म्हणून त्यांनी ते बसवलं.

मला सुंदर वाटते ती गाडी, जिच्याकडे बघून अभियंत्याला काय छळत होतं ते कळतं.

आणि कुरूप गाड्या?

त्यांच्याशिवाय मजा नाही! १९५० ला ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी कॅडिलॅकच्या चॅसीवर एक सपाट, पेटीसारखं अंग चढवून आणलं. फ्रेंचांनी लगेच नाव ठेवलं, 'ल मॉन्स्त्र', म्हणजे राक्षस. ती अकरावी आली, आणि त्याच संघाची जवळपास साधी दिसणारी कॅडिलॅक दहावी!

१९६७ ची शॅपरल २एफ तर माझ्या लाडाची. दोन उंच खांबांवर उभारलेली विंग, म्हणजे गाडीला खाली दाबणारं पातं, आणि ड्रायव्हरने डाव्या पायाने पेडल दाबलं की ती आडवी होणार. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असल्याने डावा पाय रिकामाच होता. पांढरीशुभ्र, जवळजवळ काही न लिहिलेली. ब्रँड्स हॅचची शर्यत जिंकली, ले मान्स नाही.

निसान जीटी-आर एलएम निस्मोचं (२०१५) मात्र कौतुक करवत नाही. इंजिन पुढे, ताकद पुढच्या चाकांना, म्हणून पुढचे टायर मागच्यांपेक्षा रुंद. कल्पना धीट होती, गाडी तयार नव्हती. तीनपैकी एकीचंही नाव अंतिम निकालात लागलं नाही. तरी लांब नाकाची ती आकृती दिसायला भन्नाट होती, हे कबूल करावंच लागेल.

प्रोटोटाइपच्या, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाडीच्या, पाठीवर ते उभं पातं कशाला? आणि चाकांच्या वर छिद्रं?

गाड्या उडू नयेत म्हणून. १९९९ ला ले मान्समध्ये मर्सिडीज सीएलआर तीनदा हवेत गेली: शर्यतीआधी दोनदा मार्क वेबरसह, आणि शर्यतीत पीटर डंब्रेकसह. ती ट्रॅकबाहेर झाडांत जाऊन पडली. दोघेही वाचले. मर्सिडीजने उरलेली गाडी मागे घेतली. पुढे २०११ पासून नव्या प्रोटोटाइपना उभं पातं सक्तीचं झालं, २०१२ पासून चाकांवरची छिद्रंही. पातं गाडी आडवी फिरली की तिला सावरतं, छिद्रांतून चाकांजवळ कोंडलेली हवा निघून जाते.

दिसायला पातं वाईट आहे. सगळ्या गाड्यांची बाजूची आकृती एकसारखी झाली. याबाबत माझी तक्रार शून्य. उलट रंगवणाऱ्यांना फुकट एक फलक मिळाला आणि बहुतेकांनी त्यावर नुसता लोगो छापला, याचा मात्र राग येतो.

आताच्या हायपरकार सगळ्या सारख्याच दिसतात, नाही?

नाही. जरा दोन फेरे बघा. कॅडिलॅकचे उभे दिवे, प्यूजोच्या पंज्याने ओरबाडल्यासारख्या तीन तिरप्या रेघा, बीएमडब्ल्यूची रात्री उजळणारी जाळी, पोर्शे ९६३ च्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिव्याची पट्टी. रात्री तर दिव्यांवरूनच गाडी कळते.

हे शक्य झालं ते नियमांमुळे. पूर्वी आकार ठरवायची ती फक्त विंड टनेल, म्हणजे हवेच्या झोतात गाडी तपासायचा बोगदा. शतांश सेकंदासाठी प्रत्येक पातं कोरलं जायचं आणि सगळे साधारण एकाच उत्तरापाशी पोहोचायचे. आता गाडीला किती डाउनफोर्स (हवेने खाली दाबणारा जोर) मिळावा आणि हवेचा किती विरोध व्हावा याचीच चौकट ठरवून दिली आहे. त्या चौकटीत बसलं की पुढे जास्त मिळवून फायदा नाही. मग उरलेली मोकळीक स्टायलिंगवाल्यांना. एलएमडीएच या प्रकारच्या हायपरकारचा तर सांगाडाही डलारा, ओरेका, मल्टीमॅटिक किंवा लिझिए या चौघांपैकीच कोणाचा तरी असतो, म्हणजे वेगळेपणा दिसतो तो कातडीतच. डलाराच्याच सांगाड्यावर कॅडिलॅक आणि बीएमडब्ल्यू दोन्ही उभ्या आहेत. शेजारी ठेवून बघा, बहिणी वाटणार नाहीत.

प्यूजो ९एक्स८ ची विंग काढली ते बरं होतं की वाईट?

मुळात विंग नव्हतीच. २०२१ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा मागची बाजू मोकळी बघून मी खुर्चीतून उठलो होतो. सगळा डाउनफोर्स गाडीच्या पोटातून घ्यायचा, वर काहीच नाही. मागून बघितलं तर अख्खं कॉकपिट दिसायचं. या पिढीतली सगळ्यात धाडसी आकृती तीच, आणि राखाडी अंगावर पोपटी फटकारे मारून तिला शोभतील असेच रंग दिले होते.

अडचण टायरची. ९एक्स८ चारी चाकांना सारख्या, ३१ सेंटीमीटर रुंदीच्या टायरवर बेतली होती. प्रतिस्पर्धी पुढे २९ आणि मागे ३४ वर गेले. २०२४ च्या एप्रिलमध्ये इमोलाच्या शर्यतीत प्यूजोनेही तेच टायर घेतले आणि तोल सांभाळायला मागे विंग आली. व्यवहार म्हणून बरोबर निर्णय. पण विंगवाली ९एक्स८ बघताना मला दर वेळी ती झाकून बघावीशी वाटते. जिंकली नाही तरी चालेल, तशीच ठेवा, असं म्हणायला चाहत्याचं काय जातं! बिल भरणाऱ्यांना ते परवडत नाही.

काळी गाडी रुबाबदार दिसते, असं नाही वाटत?

स्टुडिओत दिसते. ट्रॅकवर काळ्या गाडीचा आकार गिळला जातो आणि रात्री फक्त चार दिवे आणि एक नंबर धावतो. २०२३ मध्ये टोयोटाने जीआर०१० ला मॅट काळा दिला, तेव्हा लाल-पांढऱ्याची सवय झालेले आम्ही पहिले काही तास टोयोटा शोधतच होतो. सगळीकडे कार्बन फायबर उघडं ठेवून त्याला 'डिझाइन' म्हणणं हाही त्यातलाच आळस.

अपवाद एकच: १९९५ ला जिंकलेली ५९ नंबरची मॅकलॅरेन एफ१ जीटीआर. गडद, जवळपास काळी, उएनो क्लिनिकचं नाव लावलेली. ती भर पावसात जिंकली आणि ओल्या रस्त्यावर तो गडदपणा तिला शोभला.

हे सगळं रंगाने रंगवतात की स्टिकर?

हल्ली बहुतेक स्टिकर, म्हणजे छापलेलं व्हिनाइल. गाडीचं संगणकावरचं त्रिमितीय रूप घेऊन त्यावर रेखाटतात, तुकडे छापतात आणि उष्णता देऊन अंगावर ओढून बसवतात. फायदा वजनाचा आणि वेळेचा. शर्यतीत नाक फुटलं की पिटमध्ये अख्खं नाक बदलतात, म्हणून सुटे भागही आधीच सजवून ठेवावे लागतात. कधी पहाटे गाडी बाहेर येते ती वेगळ्याच रंगाच्या दरवाजाने. मला ते विजोड दृश्य आवडतं.

स्टिकरचा तोटा असा की काहीही छापता येतं. त्यामुळे रंगछटा, ठिपके, तुटलेले त्रिकोण यांचा सुळसुळाट झाला. ब्रशने मास्किंग टेप लावून रंगवावं लागायचं तेव्हा माणूस दोनदा विचार करायचा.

जीटी गाड्यांबद्दल काहीच बोलत नाही तुम्ही.

बोलतो. जीटी म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या. कॉर्व्हेटचा पिवळा: वर्षानुवर्षं एकच रंग धरून ठेवण्याचं फळ काय असतं ते बघायचं तर तो बघा. आयर्न डेम्सचा गुलाबी: २०२३ मध्ये बहरीनला त्यांनी आपला वर्ग जिंकला. जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत फक्त महिला ड्रायव्हर असलेल्या संघाचा तो पहिला विजय, आणि तो रंग कुठल्याही गर्दीत सापडतो. बाकी बऱ्याच जीटी गाड्या प्रायोजकांच्या यादीसारख्या दिसतात.

जुन्या रंगसंगती नव्या गाड्यांवर चढवणं थांबवावं का?

एका शर्यतीपुरतं असेल तर खुशाल करा. २०१८ ला पोर्शेने दोन ९११ आरएसआर अशाच उतरवल्या, एक गुलाबी डुक्कर आणि एक रॉथमन्सच्या निळ्या-पांढऱ्यात, अर्थात सिगारेटचं नाव वगळून. डुक्कर आपल्या वर्गात पहिलं आलं आणि दुसरी तिच्या मागोमाग. १९७१ ची राहिलेली बाकी वसूल झाली म्हणा. पण दर वर्षी तेच केलं तर २०५० साली आठवायला आजचं काय उरणार?

जिंकलेली गाडी धुवून संग्रहालयात ठेवावी की तशीच?

तशीच. किडे, रबराचे डाग, ओरखडे, सगळ्यासकट. याबाबत चर्चा नको.

लाल नसलेली फेरारी चालेल का?

२०२३ मध्ये ४९९पी आली, लाल अंगावर पिवळ्या पट्ट्यांची. एका गाडीला ५० नंबर दिला, कारण अव्वल वर्गात कारखान्याचा संघ शेवटचा उतरला त्याला ५० वर्षं झाली होती. जिंकली मात्र ५१ नंबरची. पुढच्या वर्षी ५० नंबरची जिंकली. रंगाचा वाद तिथेच मिटायला हवा होता.

मग २०२५ आलं. ८३ नंबरची ४९९पी, एएफ कोर्सेचा खासगी संघ, रॉबर्ट कुबित्सा, ये यीफेई आणि फिल हॅन्सन, आणि गाडी पिवळीधमक. कारखान्याच्या दोन्ही लाल गाड्यांना मागे टाकून तीच जिंकली. ज्यांना फेरारी लालच हवी त्यांनी त्या दिवशी काय केलं मला माहीत नाही. मला तर शेवटच्या तासात टीव्हीवर ती हेलिकॉप्टरच्या उंचीवरूनही पहिल्या नजरेत सापडत होती. तेव्हा, हो, चालेल. पिवळी तर नक्कीच.